मन सांभाळण्यासाठी गेम: गेमिफिकेशन म्हणजे काय, ते कधी उपयोगी पडतं आणि कधी त्रास देतं?

आजचा विषय थोडा वेगळा आहे, म्हणून सुरुवात स्वतःपासूनच करतो.

दोन वर्षांपूर्वी बाबांची बायपास झाली. त्या काळात माझी झोप उडाली, चिडचिड वाढली, कामात लक्ष लागेना. कुणीतरी सुचवलं म्हणून मोबाइलवर स्वतःची काळजी घ्यायला मदत करणारं एक अ‍ॅप टाकलं. पाणी पिणं, दहा मिनिटं चालणं, झोपण्याआधी तीन ओळी लिहिणं, अशी रोजची छोटी कामं. काम केलं की नाणी मिळायची आणि सलग किती दिवस झाले ते दाखवणारी एक ज्योत पेटती राहायची. खरं सांगतो, फरक पडत होता. ४३ दिवस मी एकही दिवस चुकवला नाही.

४४व्या दिवशी बाबांना पुन्हा दाखल करावं लागलं. ती रात्र आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर गेली. सकाळी सवयीने अ‍ॅप उघडलं तर ज्योत विझलेली, खाली '० दिवस', आणि त्याखाली पैसे भरून सलग दिवस परत मिळवण्याचं बटण. रात्रभर न आलेलं रडू त्या शून्याकडे बघून आलं. मी अ‍ॅप काढून टाकलं आणि त्याबरोबर चालणं आणि लिहिणंही सुटलं.

जे अ‍ॅप ४३ दिवस आधार देत होतं, तेच सर्वात वाईट दिवशी माझ्यावर का उलटलं? हे समजून घ्यायला मी या विषयावर बरंच वाचलं, काही अ‍ॅप वापरून पाहिली. त्यातून हाती आलेलं सगळं या लेखात सांगतो. सार आधीच सांगून ठेवतो: मन सांभाळणारा गेम चांगला की वाईट, हे तुम्ही जिंकता त्या दिवशी कळत नाही, तुमचा दिवस हुकतो तेव्हा तो काय करतो, त्यावरून कळतं.

## गेमिफिकेशन म्हणजे काय?

जे मुळात खेळ नाही, त्यात खेळातल्या गोष्टी वापरणं म्हणजे गेमिफिकेशन. गुण, पातळ्या, बक्षिसं, छोटी आव्हानं, सोबती, गोष्टीतलं एखादं पात्र, या सगळ्या खेळातल्या गोष्टी. भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपमधले गुण किंवा चालण्याची पावलं मोजून पदक देणारं घड्याळ ही रोजची उदाहरणं.

शब्द नवा असला तरी कल्पना आपल्याला नवी नाही. आपली सापशिडी पूर्वी मोक्षपट म्हणून खेळली जायची आणि परंपरा तिचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. चांगलं वागणं शिकवायला पट आणि सोंगट्या वापरल्या, म्हणजे गेमिफिकेशनच की!

मानसिक आरोग्याच्या बाबतीत मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली सांगितल्या जातात. त्यांची गल्लत करू नका:

* साधे गेम: करमणुकीसाठी बनवलेले, पण मनावर काही परिणाम करणारे. उदा. टेट्रिस.
* उपचार म्हणून बनवलेले गेम: मानसोपचाराची पद्धत गेमच्या गोष्टीत गुंफलेली असते आणि त्यांची चाचणी झालेली असते. उदा. स्पार्क्स.
* गेमिफाइड अ‍ॅप: रोजच्या सवयींवर गुण आणि बक्षिसं चढवलेली अ‍ॅप. उदा. हॅबिटिका, फिंच.

## गेमचा मनाला उपयोग का होतो?

मन खचलेलं असतं तेव्हा आंघोळ, फोन उचलणं, बँकेत जाणं हीसुद्धा डोंगराएवढी कामं वाटतात. गेम अशा वेळी तीन गोष्टी करतो.

एक, काम लहान करतो. 'तब्येत सुधार' असं गेम कधीच म्हणत नाही. 'त्या दारापर्यंत जा' एवढंच म्हणतो. दोन, केल्याची पावती लगेच देतो. खऱ्या आयुष्यात व्यायामाचं फळ दिसायला महिने लागतात. तीन, हरण्याची भीती कमी करतो. गेममध्ये आपण दहा वेळा पडतो आणि अकराव्यांदा पुन्हा सुरू करतो, त्यात कुणाला लाज वाटत नाही.

मानसशास्त्रात एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा स्वयंनिर्णयाचा सिद्धांत प्रसिद्ध आहे. माणसाला आतून उभारी यायला तीन गोष्टी लागतात असं तो सांगतो: मी स्वतः निवडलं ही भावना, मला जमतंय ही भावना आणि कुणीतरी आपलं सोबत आहे ही भावना. चांगला गेम या तिन्ही देतो. वाईट गेम फक्त आकडे देतो.

## संशोधनात काय दिसलं?

टेट्रिस: ऑक्सफर्डच्या रुग्णालयात रस्ते अपघातानंतर आलेल्या ७१ जणांवर एक प्रयोग झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अपघातानंतर सहा तासांच्या आत काहींना तो प्रसंग थोडक्यात आठवायला सांगून वीसेक मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांना अपघाताची दृश्यं अचानक डोळ्यांसमोर येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होतं. यामागचा विचार असा की ठोकळे फिरवून बसवताना मेंदूची चित्रं हाताळण्याची ताकद खर्च होते, त्यामुळे भीतीदायक दृश्य तितकं घट्ट बसत नाही. पण प्रयोग छोटा होता आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाला, हे विसरू नका.

स्पार्क्स: न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात सॅली मेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याची लक्षणं असलेल्या किशोरवयीन मुलांसाठी हा गेम बनवला. खेळाडू एका काल्पनिक जगात जातो, तिथे नकारात्मक विचार किड्यांसारखे उडत अंगावर येतात आणि त्यांना ओळखून परतवायचं असतं. असे सात टप्पे आहेत. आतून ही सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी उपचारपद्धती आहे. १२ ते १९ वयोगटातल्या १८७ मुलांवरची चाचणी २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. नेहमीच्या समुपदेशनापेक्षा हा गेम कमी ठरला नाही.

एंडेव्हर-आरएक्स: जून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, या गेमला परवानगी दिली. तेव्हा ती एडीएचडी असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांचं लक्ष सुधारण्यासाठी होती आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारा हा पहिला गेम ठरला. तोही एकटा पुरेसा नाही, इतर उपचारांसोबतच वापरायचा आहे.

## सुपरबेटरची गोष्ट

माझ्यासारख्या सामान्य माणसाला सर्वात उपयोगी पडेल असं उदाहरण जेन मॅकगॉनिगल यांचं आहे. त्या अमेरिकेतल्या गेम डिझायनर. २००९ च्या उन्हाळ्यात त्यांचं डोकं कपाटाच्या उघड्या दारावर आपटलं आणि मेंदूला मार बसला. महिना झाला तरी डोकेदुखी, चक्कर, मळमळ जाईना. डॉक्टरांनी वाचन, लेखन, गेम, काम, ईमेल सगळं बंद करायला सांगितलं. त्या काळात आत्महत्येचे विचार येऊ लागले होते, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे.

चौतिसाव्या दिवशी त्यांनी ठरवलं की बरं होण्याचाच गेम करायचा. नियम साधे होते:

* गुप्त ओळख: स्वतःला आजारी न म्हणता दुखापतीशी लढणारी नायिका असं नाव घेतलं.
* साथीदार: सगळ्यात आधी जुळ्या बहिणीला फोन करून या खेळात ये म्हणून सांगितलं, मग नवऱ्याला.
* खलनायक: प्रखर दिवे, गर्दी, अशा त्रास वाढवणाऱ्या गोष्टींची यादी केली.
* पॉवर-अप: पाच मिनिटं कुत्र्याला कुशीत घेणं, घराभोवती एक चक्कर, अशा लगेच बरं वाटणाऱ्या गोष्टी.
* मोहीम: रोजचं एक छोटं काम.

त्या सांगतात की काही दिवसांतच निराशा आणि भीती ओसरली, पण डोकेदुखी आणि बाकी त्रास मात्र वर्षाहून जास्त काळ राहिला. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. गेमने दुखापत बरी केली नाही. दुखापत असताना जगणं सोसण्याजोगं केलं.

यातूनच सुपरबेटर हे अ‍ॅप आलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी नैराश्याची लक्षणं असलेल्या २८३ प्रौढांवर त्याची महिनाभर चाचणी घेतली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसतं वाट पाहत असलेल्या गटापेक्षा अ‍ॅप वापरणाऱ्यांची लक्षणं जास्त कमी झाली. मात्र बरेच लोक मध्येच गळाले. हा प्रश्न या प्रकारच्या जवळपास सगळ्याच अ‍ॅपना आहे.

## कुठे बिघडतं?

बक्षीस मूळ गोष्टीला खाऊन टाकतं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधी सांगितलं. नंतर बक्षीस नसताना ही मुलं पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. चालण्याचा आनंद नाण्यांना बांधला की नाणी संपल्यावर चालणंही संपतं.

नवलाई ओसरते. २०१६ मध्ये पोकेमॉन गो आला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. त्या वेळच्या एका अभ्यासात पहिल्या आठवड्यात खेळाडूंची रोजची पावलं सरासरी ९५५ ने वाढली. सहाव्या आठवड्यात ती पुन्हा होती तिथेच आली.

सलग दिवसांचा जाच. इंग्रजीत याला स्ट्रीक म्हणतात. जितके जास्त दिवस जमतील तितकं गमावण्याचं भय मोठं. सुरुवातीला आपण तब्येतीसाठी कामं करतो, पुढे पुढे आकडा वाचवण्यासाठी करतो. आणि आकडा जातो कधी? ताप आल्यावर, घरात कुणी दगावल्यावर, मन पार खचल्यावर. म्हणजे आधाराची गरज सर्वात जास्त असते नेमकी तेव्हाच शिक्षा मिळते. माझ्या बाबतीत हेच झालं होतं.

माहितीचं काय होतं? आज मन कसं आहे, झोप लागली का, कुणाशी भांडण झालं, ही फार नाजूक माहिती आपण अ‍ॅपला देतो. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीने लोकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला. ते प्रकरण ७८ लाख डॉलर भरण्याच्या तडजोडीवर मिटलं. म्हणून अ‍ॅपमध्ये खरं नाव, पत्ता, औषधांची नावं लिहिण्याआधी दोनदा विचार करा.

## अ‍ॅप निवडताना हुकलेल्या दिवसाची परीक्षा घ्या

मी आता कुठलंही असं अ‍ॅप टाकलं की आठवडाभर वापरतो आणि मग मुद्दाम दोन दिवस उघडत नाही. तिसऱ्या दिवशी ते काय म्हणतं ते बघतो.

* फिंच: यात एक पक्ष्याचं पिल्लू सांभाळायचं असतं. तुम्ही पाणी प्यायलात, श्वासाचा व्यायाम केलात की त्याला फिरायला जायची ताकद मिळते. तुम्ही नाही आलात तर ते मरत नाही, वाट बघतं.
* हॅबिटिका: २०१३ मध्ये हॅबिट-आरपीजी नावाने सुरू झालं. रोजचं काम चुकलं की तुमच्या पात्राचं आरोग्य कमी होतं आणि गटाने राक्षसाशी लढत असाल तर मित्रांनाही मार बसतो. शिस्त हवी असणाऱ्याला हे आवडतं, पण आधीच अपराधी वाटणाऱ्याला जड जातं. आजारपणात नुकसान थांबवून ठेवायची सोय यात आहे, ती आधीच शोधून ठेवा.
* फॉरेस्ट: ठरलेला वेळ मोबाइल बाजूला ठेवला की पडद्यावर झाड वाढतं, मध्येच उठलात तर वाळतं. इथे नुकसान तेवढ्या अर्ध्या तासाचंच असतं, जुनी झाडं तशीच राहतात. म्हणून मला हे सोसतं.

याशिवाय चार प्रश्न विचारा. कामं मी निवडतोय की अ‍ॅप? सूचना बंद करता येतात का? हुकलेला दिवस विकत घ्यायला लावतं का? खातं आणि माहिती कायमची पुसता येते का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर मी तरी ते अ‍ॅप ठेवत नाही.

## अ‍ॅपशिवाय, वहीतला गेम

अ‍ॅप काढल्यानंतर दोनेक महिन्यांनी मी सुपरबेटरची पद्धत साध्या दोनशे पानी वहीत सुरू केली. आजही तीच चालू आहे. तुम्हालाही करता येईल:

१. पॉवर-अप लिहा. पाच मिनिटांत होणाऱ्या आणि लगेच बरं वाटणाऱ्या पाच गोष्टी. माझ्या: गच्चीत उभं राहून चहा, झाडांना पाणी, एक जुनं गाणं, थंड पाण्याने तोंड धुणं, बाबांशी क्रिकेटवर बोलणं.

२. खलनायक ओळखा. माझे दोन मोठे: रात्री अकरानंतर हातात मोबाइल आणि बाबांच्या रिपोर्टमधले शब्द इंटरनेटवर शोधत बसणं. खलनायकाला रोज हरवायची गरज नाही. 'आज भेटला' एवढं लिहिलं तरी चालतं.

३. रोज एकच मोहीम. अगदी छोटी. 'विम्याचा फॉर्म काढून टेबलावर ठेवणे' ही माझी एका दिवसाची मोहीम होती. भरणे ही दुसऱ्या दिवसाची.

४. एक साथीदार धरा. माझी ताई डोंबिवलीला असते. रात्री तिचा एकच मेसेज येतो: "काय रे, आज गच्चीत गेलास का?" नाही म्हटलं तर ती उपदेश करत नाही, "बरं, उद्या जा" म्हणते. साथीदार निवडताना हाच गुण बघा.

५. गुण द्या, कापू नका. केलेल्या प्रत्येक गोष्टीला एक गुण. न केलेल्याला शून्य, वजा काहीही नाही. एकूण बेरीज फक्त वाढत जाते.

६. परत येण्याला दोन गुण. हा नियम माझा स्वतःचा. काही दिवस वही उघडलीच नाही तर पुन्हा उघडल्याच्या दिवशी दोन गुण. मागच्या पावसाळ्यात बाबांच्या तपासण्यांच्या धावपळीत नऊ दिवस वही बंद होती. दहाव्या दिवशी मी फक्त तारीख टाकली आणि पुढे २ लिहिलं. वही बंद पडली नाही.

## गेम कधी पुरे पडत नाही?

ही सगळी साधनं रोजचा ताण, कंटाळा, हलकी उदासी, आजारपणातला थकवा यांच्यासाठी आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, कामं होत नसतील, तर डॉक्टरांना भेटा. जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर अ‍ॅप आणि वही दोन्ही बाजूला ठेवा आणि लगेच माणसाशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीतही बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ लावा.

चालू असलेली औषधं किंवा समुपदेशन गेमच्या भरवशावर कधीही थांबवू नका.

## नेहमी पडणारे प्रश्न

साधा गेम खेळल्याने मन बरं राहतं का?
ऑक्सफर्डच्या संशोधकांनी खेळाडू किती वेळ खेळले याची खरी नोंद गेम कंपन्यांकडून घेऊन अभ्यास केले. २०२२ मधल्या अभ्यासात सुमारे ३९ हजार खेळाडू होते. जास्त वेळ खेळल्याने मनःस्थिती सुधारते किंवा बिघडते, असा म्हणण्याजोगा परिणाम दिसला नाही. आवडीने खेळणं आणि सुटत नाही म्हणून खेळणं यातला फरक मात्र महत्त्वाचा दिसला.

गेमचं व्यसन लागलंय हे कसं ओळखायचं?
जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, ही तिची लक्षणं. साधारण १२ महिने असं चाललं तर निदान होतं. बंगळुरूच्या निमहान्समध्ये यासाठी वेगळं क्लिनिक आहे.

मुलांना अशी अ‍ॅप द्यावीत का?
आधी तुम्ही आठवडाभर वापरा, मग सोबत बसून द्या. अ‍ॅपमधली खरेदी बंद करा. आणि मुलाची स्ट्रीक तुटली तर तुम्ही रागावू नका. घरातला साथीदार म्हणून तेवढं काम तुमचं.

## शेवटी

बाबा आता बरे आहेत, रोज सकाळी बागेत जाऊन येतात. माझ्या वहीतली बेरीज काल ६१२ झाली. त्यात किती दिवस कोरे गेले ते मी मोजलेलं नाही, मोजणारही नाही. तुम्ही आज अ‍ॅप टाका किंवा वही घ्या, पण पहिल्या पानावर आधी एक गोष्ट लिहून ठेवा: दिवस हुकला तर मी काय करणार. बाकीचे नियम नंतर ठरवले तरी चालतील.